गर्भाशयमुखाचा कर्करोग: प्रतिकारशक्ती कुठे पुरते, कुठे नाही

गर्भाशयमुख म्हणजे गर्भाशयाचा योनीत उतरणारा खालचा अरुंद भाग. बाहेरच्या बाजूने त्यावर चपट्या पेशींचे अनेक पदरी अस्तर असते, तर आतल्या नळीत उंच पेशींचा एकच पदर. ही दोन अस्तरे जिथे मिळतात तो पट्टा आयुष्यभर एका जागी राहत नाही. वयात येताना, गरोदरपणात तो बाहेरच्या बाजूला येतो, पाळी गेल्यावर आत सरकतो. तिथल्या पेशी एका प्रकारातून दुसऱ्या प्रकारात बदलत असतात. गर्भाशयमुखाचा कर्करोग बहुतेक वेळा याच अस्थिर पट्ट्यात सुरू होतो आणि त्यामागे जवळजवळ नेहमीच एक विषाणू असतो: ह्यूमन पॅपिलोमा व्हायरस, म्हणजे एचपीव्ही. जर्मन शास्त्रज्ञ हाराल्ड त्सूर हाउझेन यांच्या प्रयोगशाळेने १९८३-८४ मध्ये या कर्करोगाच्या गाठींतून एचपीव्हीचे १६ आणि १८ हे प्रकार वेगळे केले. त्याबद्दल त्यांना २००८ मध्ये नोबेल मिळाले. या विषाणूचे दोनशेहून अधिक प्रकार माहीत आहेत. कर्करोगाशी संबंध असलेले साधारण चौदा, आणि त्यांतही १६ व १८ हे दोन मिळून जगातल्या सुमारे सत्तर टक्के गर्भाशयमुख-कर्करोगांना जबाबदार धरले जातात.

भारतात २०२२ या एका वर्षात सुमारे १ लाख २७ हजार स्त्रियांना हा आजार झाल्याचा आणि जवळपास ८० हजार स्त्रिया त्याने दगावल्याचा अंदाज आहे. आकडा मोठा आहे. पण ज्यांना या विषाणूची लागण कधीतरी होऊन गेली त्या स्त्रियांच्या संख्येपुढे तो अगदीच लहान ठरतो. लैंगिक संबंध सुरू झालेल्या बहुतेक स्त्री-पुरुषांना एचपीव्ही आयुष्यात केव्हा तरी गाठतोच. दहापैकी साधारण नऊ जणींच्या बाबतीत एक-दोन वर्षांत तो तपासणीत सापडेनासा होतो. ना औषध, ना उपचार. बाईला पत्ताही लागत नाही. हे काम प्रतिकारशक्तीचे असते. त्यामुळे या आजारात विषाणू शिरला की नाही यापेक्षा तो शरीरात टिकून राहिला की नाही, याला महत्त्व असते.

घरोघरी होणारा एक गैरसमज इथेच दूर करायला हवा. एचपीव्हीचा अहवाल पॉझिटिव्ह आला की संशयाचे बोट नवऱ्याकडे किंवा बायकोकडे जाते. प्रत्यक्षात ही लागण कित्येक वर्षांपूर्वीची असू शकते. विषाणू अत्यल्प प्रमाणात दबून राहतो आणि प्रतिकारशक्ती थोडी ढिली पडली की पुन्हा चाचणीत दिसू लागतो. अहवालावरून लागण केव्हाची आणि कोणाकडून आलेली, हे ठरवता येत नाही.

शरीर विषाणूला कसे घालवते

एचपीव्ही संबंधाच्या वेळी अस्तराला पडलेल्या बारीक, न दिसणाऱ्या चिरांतून आत शिरतो आणि सर्वांत खालच्या पदरातल्या पेशींत ठाण मांडतो. लागण झालेल्या पेशीने इंटरफेरॉन नावाची द्रव्ये सोडून शेजारच्या पेशींना सावध करावे, अशी शरीराची रीत आहे. अस्तरात लँगरहान्स पेशी विखुरलेल्या असतात. त्या परक्या प्रथिनाचा तुकडा उचलून ओटीपोटातल्या लसीका गाठींपर्यंत नेतात. तिथे टी-पेशींना शत्रूची ओळख पटवली जाते. त्यांतल्या साहाय्यक टी-पेशी म्हणजे सीडी४ पेशी साऱ्या मोहिमेची सूत्रे हलवतात, तर मारेकरी टी-पेशी परत अस्तरात येऊन लागण झालेल्या पेशींचा नाश करतात. एचपीव्हीमुळेच येणाऱ्या आणि आपोआप विरणाऱ्या मसांचे तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, तर त्यांत टी-पेशींची गर्दी दिसते. जुन्या लागणीचा निकाल मुख्यतः या पेशीच लावतात.

रक्तातल्या प्रतिपिंडांचा भाग यात दुय्यम आहे. लागण झालेल्या स्त्रियांपैकी साधारण निम्म्या ते दोन-तृतीयांश जणींच्याच रक्तात एचपीव्हीविरुद्ध प्रतिपिंडे सापडतात आणि तीही क्षीण. गोवर एकदा झाला की पुन्हा होत नाही, तसे इथे नाही. एका प्रकारचा एचपीव्ही शरीराने घालवला म्हणून दुसरा येणार नाही असे नाही, आणि तोच प्रकार पुन्हाही येऊ शकतो. ज्या स्त्रीला एकदा लागण होऊन गेली तिने स्वतःला सुरक्षित समजू नये, याचे कारण हेच.

विषाणू पहारा कसा चुकवतो

एचपीव्ही शरीराशी झुंजत नाही, तो चोरपावलांनी राहतो. अनेक विषाणू पेशी फोडून बाहेर पडतात. पेशी फुटली की सूज येते, ताप येतो आणि सूज हीच पहारेकऱ्यांना हाक असते. एचपीव्ही पेशी फोडत नाही. अस्तराच्या पेशी खालून वर सरकत जातात, वरच्या थरात त्या तशाही मरून गळणारच असतात. विषाणू आपल्या कवचाची प्रथिने मोठ्या प्रमाणात तयार करतो ती याच शेवटच्या थरात आणि गळणाऱ्या पेशींबरोबर बाहेर पडतो. तो रक्तात उतरत नाही. सूज नाही, ताप नाही, वेदना नाही. प्रतिकारयंत्रणेला कानोकान खबर लागत नाही.

इतकेच करून तो थांबत नाही. प्रत्येक पेशी आपल्या पृष्ठभागावर आतल्या प्रथिनांचे नमुने मांडत असते आणि फिरत्या टी-पेशी ते तपासत असतात. एचपीव्हीची ई५ आणि ई७ ही प्रथिने ही मांडणीच कमी करतात. ई६ व ई७ इंटरफेरॉनचा इशारा दाबतात. लागण झालेल्या भागात लँगरहान्स पेशींची संख्याही घटते. दरवाजावरचा पहारेकरी हलवला, आतली दिंडी लावून घेतली आणि शेजाऱ्यांना जाणारी हाकही अडवली, असा हा तिहेरी बंदोबस्त आहे.

विषाणू अनेक वर्षे टिकला तर त्याचे जनुक कधी कधी माणसाच्या जनुकसाखळीत मिसळते आणि ई६, ई७ बेसुमार तयार होऊ लागतात. ई६ हे प्रथिन पी५३ ला नष्ट करवते. बिघडलेल्या पेशीला थांबवणारे किंवा मरायला लावणारे हेच प्रथिन. ई७ हे आरबी या दुसऱ्या लगामाला निकामी करते. लगाम सुटलेल्या पेशी विभागत राहतात, चुका साठत जातात. या टप्प्याला कर्करोगपूर्व बदल म्हणतात आणि अहवालात तो सीआयएन १, २, ३ असा लिहिला जातो. सीआयएन १ हा बहुधा चालू लागणीचा ठसा असतो आणि तो बहुतेक वेळा मावळतो. सीआयएन २ वर नजर ठेवली असता दोन वर्षांत साधारण निम्म्या स्त्रियांमध्ये तो मागे फिरतो असे दिसले आहे. सीआयएन ३ मात्र शरीरावर सोडून देण्यासारखा नाही. न्यूझीलंडमध्ये गेल्या शतकाच्या उत्तरार्धात काही स्त्रियांना त्यांच्या नकळत पुरेशा उपचारांविना ठेवले गेले. पुढे चौकशी झाली, तो प्रकार कुप्रसिद्ध ठरला. त्या स्त्रियांच्या नोंदींवरून नंतर कळले ते असे की उपचार न केलेल्या सीआयएन ३ पैकी तीस टक्क्यांच्या आसपास रुग्णांत तीस वर्षांत कर्करोग होतो. ही माहिती फार मोठी किंमत मोजून हाती आली आहे.

प्रतिकारशक्ती ठीक असलेल्या स्त्रीत लागणीपासून कर्करोगापर्यंतचा प्रवास सहसा १५ ते २० वर्षांचा असतो. ती दुबळी असेल तर तोच प्रवास ५ ते १० वर्षांत होऊ शकतो, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते.

कोणाला अधिक जपायला हवे

एचआयव्हीसह जगणाऱ्या स्त्रियांना हा कर्करोग होण्याची शक्यता इतर स्त्रियांच्या तुलनेत सहापट असते. एचआयव्ही नेमक्या सीडी४ पेशी मारतो, म्हणजे एचपीव्हीविरुद्धच्या मोहिमेचे सूत्रधारच कमी होतात. एचआयव्हीवरच्या एआरटीच्या गोळ्या वेळेवर सुरू झाल्या आणि नियमित चालल्या तर हा धोका उतरतो, पण पूर्णपणे जात नाही. म्हणून एआरटी केंद्रात नाव नोंदलेल्या प्रत्येक स्त्रीने, सीडी४ चांगल्या असल्या तरी, गर्भाशयमुखाची तपासणी वयाच्या पंचविशीपासून सुरू करावी आणि ती दर तीन ते पाच वर्षांनी करून घ्यावी. केंद्रातल्या गर्दीत ही गोष्ट कोणी आपणहून सांगेल याची वाट पाहू नये, विचारून घ्यावे.

मूत्रपिंड किंवा यकृत बदललेल्या स्त्रिया दुसऱ्या गटात येतात. शरीराने नवा अवयव नाकारू नये म्हणून त्यांना टॅक्रोलिमस, मायकोफेनोलेट, प्रेडनिसोलोन यांसारखी औषधे जन्मभर घ्यावी लागतात आणि ती टी-पेशींनाच आवरतात. ल्यूपस किंवा तत्सम विकारांसाठी अशीच औषधे वर्षानुवर्षे घेणाऱ्यांचेही तसेच. कर्करोगाच्या भीतीने ही औषधे स्वतःहून बंद करणे घातक आहे, अवयव गमवावा लागू शकतो. औषध चालू ठेवायचे आणि तपासणी लवकर व वरचेवर करायची, हा मार्ग. प्रत्यारोपणाची तारीख आधी ठरलेली असेल तर त्याआधीच स्त्रीरोगतज्ज्ञांकडून गर्भाशयमुख पाहून घ्यावे आणि लशीबद्दल विचारावे.

धूम्रपानाचा संबंध पक्का आहे. निकोटीन आणि त्यापासून बनणारी द्रव्ये गर्भाशयमुखाच्या स्रावात उतरतात, आणि विडी-सिगारेट ओढणाऱ्या स्त्रियांच्या गर्भाशयमुखात लँगरहान्स पेशी कमी सापडतात. एचपीव्ही पॉझिटिव्ह आलेल्या स्त्रीला स्वतःच्या हातात असलेली एखादी गोष्ट सांगायची झाली तर ती ही: तंबाखू सोडणे.

आणि इथेच ‘प्रतिकारशक्ती वाढवा’ या सर्वत्र ऐकू येणाऱ्या सल्ल्याचा समाचार घेतला पाहिजे. काढे, चूर्णे, महागड्या गोळ्या, कसलासा रस रिकाम्या पोटी. यांतल्या कशानेही एचपीव्ही गेल्याचा भरवशाचा पुरावा नाही. दहापैकी नऊ जणींचा विषाणू आपोआप जातो, त्यामुळे त्या काळात जे काही घेतले असेल त्याला श्रेय मिळते एवढेच. निरुपद्रवी म्हणून घेतलेल्या गोष्टीही नेहमी निरुपद्रवी नसतात. करोनाच्या पहिल्या वर्षी ‘इम्युनिटी’साठी गुळवेल घेणाऱ्या काही रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याचे मुंबईतल्या डॉक्टरांनी नोंदवले होते. सकस जेवण, झोप, व्यायाम हे एकूण आरोग्याला हवेतच. पण या आजारात प्रतिकारशक्ती ‘कमी’ असणे हा बहुतेक स्त्रियांचा प्रश्नच नसतो. प्रतिकारयंत्रणेला विषाणू दिसलाच नाही, हा असतो.

लस: आधीच दिलेली ओळख

विषाणू नजर चुकवतो, तर त्याची ओळख प्रतिकारयंत्रणेला आधीच करून द्यावी, हा लशीमागचा विचार. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँड विद्यापीठात इयान फ्रेझर आणि जियान झाऊ यांनी १९९१ मध्ये दाखवले की विषाणूच्या कवचातले एल१ हे प्रथिन प्रयोगशाळेत तयार केले तर ते आपोआप गोळा होऊन विषाणूसारखे पोकळ गोळे बनते. आत जनुक नाही, म्हणजे लागण करण्याची क्षमता नाही, फक्त बाहेरचे रूप. पहिली लस २००६ मध्ये बाजारात आली.

नैसर्गिक लागणीतून क्षीण प्रतिपिंडे आणि लशीतून भक्कम, असे का? लस दंडाच्या स्नायूत टोचली जाते. तिथे लपायला अस्तर नाही. ते गोळे थेट लसीका गाठींत पोचतात. त्यांच्या पृष्ठभागावर एकच नमुना शेकडो वेळा ओळीने मांडलेला असतो आणि अशी मांडणी प्रतिपिंडे बनवणाऱ्या बी-पेशींना फार जोराने जागे करते. तयार झालेली प्रतिपिंडे रक्तातून गर्भाशयमुखाच्या स्रावात झिरपतात आणि विषाणू पेशीला चिकटण्याआधीच त्याला घेरतात. म्हणूनच लस प्रतिबंध करते, उपचार करत नाही. पेशीच्या आत शिरलेल्या विषाणूपर्यंत प्रतिपिंडे पोचत नाहीत. आधीच पॉझिटिव्ह असलेल्या स्त्रीची लागण लशीने जात नाही, सीआयएनही बरा होत नाही. जे प्रकार अजून शिरलेले नाहीत त्यांच्यापुरते संरक्षण मिळते.

यावरून वयाचे गणित उलगडते. विषाणूशी गाठ पडण्याआधी, म्हणजे ९ ते १४ वर्षांच्या मुलींना लस दिली तर फायदा सर्वाधिक. या वयात प्रतिपिंडेही जास्त बनतात. स्वीडनमधल्या नोंदींनुसार सतरा वर्षांच्या आत लस घेतलेल्या मुलींत पुढे गर्भाशयमुखाचा कर्करोग ८८ टक्क्यांनी कमी आढळला. ‘एवढ्या लहान मुलीला ही लस कशाला’ हा प्रश्न आई-वडिलांच्या मनात येतो, त्याचे उत्तर त्या मुलीच्या वागण्याशी जोडलेले नाही, तिच्या प्रतिकारयंत्रणेच्या घडणीशी आहे. कावीळ-बची लस तर जन्मल्याबरोबर देतात.

किती डोस घ्यायचे, याच्या उत्तराला भारतातला एक विचित्र योगायोग कारणीभूत झाला. २००९ मध्ये दोन आणि तीन डोसांची तुलना करण्यासाठी देशात नऊ ठिकाणी अभ्यास सुरू झाला. त्यांत मुंबई, पुणे आणि बार्शी होती. आंध्र प्रदेश व गुजरातेतल्या एका वेगळ्या लसीकरण प्रकल्पावरून वाद पेटला आणि एप्रिल २०१० मध्ये सरकारने देशभरातल्या एचपीव्ही लशीच्या चाचण्या थांबवल्या. हजारो मुलींना एकच डोस मिळून राहिला. संशोधकांनी त्या मुलींचा पाठपुरावा सोडला नाही. दहा वर्षांनी दिसले की १६ आणि १८ प्रकारांच्या टिकून राहणाऱ्या लागणीपासून एक डोसही दोन-तीन डोसांइतकेच संरक्षण देतो. या आणि आफ्रिकेतल्या अभ्यासांच्या आधारे जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२२ मध्ये ९ ते २० वयोगटासाठी एक किंवा दोन डोस पुरेसे मानले. त्यावरच्या वयात सहा महिन्यांच्या अंतराने दोन. प्रतिकारशक्ती दुबळी असलेल्यांना मात्र किमान दोन आणि शक्यतो तीन डोस द्यावेत असे ती सांगते. त्यांच्या बाबतीत एका डोसावर विसंबू नये.

पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची सर्व्हावॅक ही देशी लस जानेवारी २०२३ मध्ये आली. ती ६, ११, १६ आणि १८ या चार प्रकारांवर चालते. पहिले दोन मसांचे. तिच्या वेष्टनावर १५ वर्षांच्या आत दोन आणि त्यानंतर तीन डोस लिहिलेले असतात, त्यामुळे खासगी दवाखान्यात एका डोसाऐवजी दोन किंवा तीन सांगितले तर गोंधळू नये. नऊ प्रकारांवरची लसही मिळते. सत्तावीस ते पंचेचाळीस वयात लस घेता येते, पण फायदा तुलनेने कमी; त्या वयात पैसे एकाच गोष्टीवर खर्च करता येत असतील तर ते आधी तपासणीवर करावेत. लस टोचल्यावर काही मुलींना चक्कर येते, म्हणून पंधरा मिनिटे बसवून ठेवावे. गरोदरपणात ही लस देत नाहीत. लशीने वंध्यत्व येते ही अफवा आहे.

तपासणी: शरीर हरले का, ते पाहणे

लस घेतलेल्या स्त्रीलाही तपासणी चुकत नाही, कारण कर्करोगकारक सगळे प्रकार लशीत नसतात. तपासणीतून खरे तर एकच प्रश्न विचारला जातो: या बाईच्या शरीराने विषाणूचा निकाल लावला आहे की नाही? तिशीच्या आत एचपीव्ही चाचणी सहसा करत नाहीत ती यामुळेच. त्या वयातली बहुतेक लागण जाणारी असते, अहवाल नुसता घोर लावतो. तिशीनंतर सापडलेला विषाणू मात्र मुक्कामाला आलेला असण्याची शक्यता जास्त.

या बाबतीतला जगातला मोलाचा पुरावा महाराष्ट्रातून गेला आहे. तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यात ३० ते ५९ वयाच्या सुमारे १ लाख ३१ हजार स्त्रियांच्या अभ्यासात आयुष्यात एकदाच केलेल्या एचपीव्ही चाचणीने या कर्करोगाचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. तो २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. मुंबईच्या वस्त्यांत टाटा मेमोरिअलने केलेल्या दुसऱ्या अभ्यासात, प्रशिक्षण दिलेल्या स्थानिक स्त्रियांनी दर दोन वर्षांनी व्हिनेगर लावून केलेल्या साध्या व्हीआयए तपासणीने मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. इतके करूनही, २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या ३० ते ४९ वयाच्या जेमतेम दोन टक्के स्त्रियांनी ही तपासणी कधी केल्याचे सांगितले. पुरावा घरचा, फायदा बाहेरच्यांचा, असे काहीसे झाले आहे.

व्हीआयए म्हणजे गर्भाशयमुखावर पातळ व्हिनेगर लावून मिनिटभराने पाहणे. बिघडलेला भाग पांढरा पडतो. सरकारी आरोग्य केंद्रांत हीच चाचणी होते, तिशीनंतर दर पाच वर्षांनी. पाळी गेल्यावर तो अस्थिर पट्टा आत सरकतो, त्यामुळे तेव्हा व्हीआयए तितकी उपयोगाची राहत नाही. पॅप स्मिअरमध्ये पेशी काचेवर घेऊन पाहतात. एचपीव्ही चाचणी सर्वांत भरवशाची, ती निगेटिव्ह आली तर पाच वर्षे निर्धास्त राहता येते. तिचा नमुना स्त्रीला स्वतःलाही घेता येतो. टेबलावर तपासून घ्यायला संकोचणाऱ्या स्त्रीने हा पर्याय आहे का ते विचारावे.

अहवाल पॉझिटिव्ह आला म्हणजे कर्करोग झाला असे नाही. १६ किंवा १८ असेल तर कोल्पोस्कोपी, म्हणजे भिंगातून गर्भाशयमुख पाहणे, आणि लागल्यास बायोप्सी करतात. इतर प्रकार असून पेशी ठीक असतील तर सहसा वर्षभराने पुन्हा तपासतात. हे वर्ष शरीराला दिलेली मुदत असते. मुदत संपली की परत जायला विसरू नये. कारण वर्षानंतरही तोच विषाणू असेल तर आता डाव त्याच्या बाजूने झुकलेला असतो.

सीआयएन २ किंवा ३ निघाला तर बिघडलेला भाग उष्णतेने जाळतात किंवा तारेच्या वळ्याने कापून काढतात. काम बाह्यरुग्ण विभागात, थोड्या मिनिटांत होते. त्यासाठी गर्भाशय काढायची गरज सहसा नसते. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड स्त्रियांच्या ‘पिशवी काढण्या’चा प्रश्न २०१९ मध्ये गाजला, तेव्हा अंगावरून पांढरे जाण्यासारख्या तक्रारींवर कर्करोगाची भीती घालून शस्त्रक्रिया झाल्याचे अनेकींनी सांगितले होते. ‘पुढे कॅन्सर होईल’ एवढ्या कारणावरून कोणी पिशवी काढायला सांगितली तर बायोप्सीचा लेखी अहवाल मागावा आणि दुसऱ्या डॉक्टरांचे मत घ्यावे. उपचारानंतर बहुतेकींच्या शरीरातला विषाणूही हळूहळू नाहीसा होतो. तरी सहा महिने ते वर्षाने चाचणी करून खात्री करावी, कारण उरलेला विषाणू पुन्हा उचल खाऊ शकतो.

संबंधानंतर रक्त जाणे, दोन पाळ्यांच्या मध्ये किंवा पाळी गेल्यावर रक्त दिसणे, घाण वासाचा स्राव, ओटीपोटात किंवा कंबरेत न थांबणारे दुखणे यांपैकी काही असेल तर शिबिराची वाट न पाहता थेट स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवावे. अशा वेळी मागच्या चाचणीचा निगेटिव्ह अहवाल धरून बसू नये.

कर्करोग झाल्यावर

एक गोष्ट मात्र चमत्कारिक आहे. या कर्करोगाच्या पेशी जगण्यासाठी ई६ आणि ई७ वर अवलंबून असतात, म्हणजे शेवटपर्यंत परक्या विषाणूची प्रथिने बाळगून असतात. प्रतिकारयंत्रणेला त्या ओळखता यायला हव्यात. गाठीभोवती टी-पेशी जमलेल्याही आढळतात. पण थकलेल्या, रोखून धरलेल्या. टी-पेशींनी आपल्याच शरीरावर हल्ला करू नये म्हणून निसर्गाने त्यांना पीडी-१ नावाचा ब्रेक दिला आहे. गाठीतल्या पेशी पीडी-एल१ हे प्रथिन पुढे करून तोच ब्रेक दाबून ठेवतात. हा ब्रेक शोधणारे जपानचे तासुकु होंजो आणि दुसऱ्या एका ब्रेकवर काम करणारे अमेरिकेचे जेम्स अ‍ॅलिसन यांना २०१८ चे नोबेल मिळाले.

पेम्ब्रोलिझुमॅब हे औषध पीडी-१ ला झाकून ब्रेक सोडवते. पसरलेल्या किंवा उलटलेल्या आजारात केमोथेरपीबरोबर ते दिल्यास आयुष्य वाढते, असे २०२१ मध्ये सिद्ध झाले. जानेवारी २०२४ मध्ये अमेरिकेत त्याला स्थानिक पातळीवर वाढलेल्या आजारात किरणोपचारासोबत वापरण्याचीही परवानगी मिळाली. सगळ्यांना ते लागू पडत नाही. उलटलेल्या आजारात गाठीच्या तुकड्यावर पीडी-एल१ ची तपासणी करून ठरवतात. एकेका डोसाचा खर्च लाखांत जातो, म्हणून ‘इम्युनोथेरपी घेऊ का’ या प्रश्नासोबत तीन गोष्टी विचाराव्यात: आजार कोणत्या टप्प्यात आहे, पीडी-एल१ चा अहवाल काय आला आणि या औषधाने माझ्या बाबतीत किती फरक अपेक्षित आहे.

ते परवडले नाही म्हणजे उपचार संपले, असे मुळीच नाही. लवकरच्या टप्प्यात शस्त्रक्रिया आणि त्यापुढे आठवड्याच्या सिस्प्लॅटिनसह किरणोपचार व आतून दिले जाणारे ब्रेकीथेरपीचे किरण, हाच आजही उपचारांचा कणा आहे आणि त्याने अनेक स्त्रिया पूर्ण बऱ्या होतात. ब्रेकीथेरपी अर्धवट सोडू नये. कर्करोगाचे हे उपचार महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत मोडतात; रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला भेटून कागदपत्रे आधीच जुळवावीत. केमोच्या काळात पांढऱ्या पेशी घटतात. ताप १००.४ अंश फॅरनहाइटच्या वर गेला तर घरी पॅरासिटामॉल घेऊन रात्र काढू नये, त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. या काळात कोणताही काढा किंवा चूर्ण डॉक्टरांना न सांगता घेऊ नये.

इम्युनोथेरपीचा त्रास केमोपेक्षा निराळा असतो. ब्रेक सुटलेल्या टी-पेशी आपल्याच अवयवांवर जाऊ शकतात: थायरॉइड मंदावते, जुलाब लागतात, अंगावर पुरळ येते, कावीळ होते, क्वचित फुप्फुसाला सूज येऊन धाप लागते. वेळेवर कळले तर हे बहुधा स्टिरॉइडने आवरते. जुलाब साधे समजून गल्लीतल्या दवाखान्यातून गोळ्या आणत राहिले तर जिवावर बेतते. शेवटच्या डोसानंतर काही महिन्यांनीही असे होऊ शकते. त्यामुळे औषधाचे नाव आणि शेवटच्या डोसाची तारीख लिहिलेला कागद पर्समध्ये ठेवावा आणि दाताच्या डॉक्टरांपासून तातडीच्या विभागापर्यंत जिथे जाल तिथे तो आधी दाखवावा.